दशांश अपूर्णांक आणि आपला नित्याचा हिशेब

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या कार्यकारिणीने या मेळाव्यात दोन शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस केली आणि विषय निवडण्याचे स्वातंत्र्यही उदार मनाने दिले. अशा प्रसंगी ज्ञातीचा इतिहास, संतांची शिकवण किंवा विवाहातील खर्चिक रूढी यांवर बोलण्याचा प्रघात आहे. त्या विषयांचे अधिकारी वक्ते आपणांत पुष्कळ आहेत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि सारी हयात प्राथमिक शाळेच्या फळ्यापुढे गेलेली. मुलांना अंकगणित शिकविणे एवढेच आमचे भांडवल. तेव्हा त्यातलाच एक विषय आम्ही घेतला आहे, तो म्हणजे दशांश अपूर्णांक. हे ऐकून काही मंडळींच्या मुखावर स्मित उमटलेले आम्हांस येथून दिसते. पाचवी-सहावीचा विषय आम्हांला कशास, असा त्या स्मिताचा अर्थ असावा. त्यास उत्तर आजच्या सभेतच मिळाले आहे.

आज सकाळी गुणवंत विद्यार्थ्यांची यादी वाचली गेली. पाचशेपैकी ४४९ गुण मिळविणाऱ्या कन्येपुढे ८९.८ टक्के असे छापले होते व ४४८ गुण मिळविणाऱ्या मुलापुढे ८९.६० टक्के असे छापले होते. यादी करणाऱ्याने एके ठिकाणी शेवटचे शून्य लिहिले, दुसऱ्या ठिकाणी लिहिले नाही; दोन्ही आकडे बरोबरच आहेत. परंतु वाचणाऱ्याने ‘एकोणनव्वद पॉइंट आठ’ आणि मग ‘एकोणनव्वद पॉइंट साठ’ असे वाचले. लगेच मागील रांगांत कुजबुज सुरू झाली की, साठवाला खाली आणि आठवाली वर, हा कोणता न्याय? कुजबुजणारे कोणी निरक्षर नव्हते. त्यांत सरकारी नोकरीत असलेले होते, दुकानदार होते, दोघे पदवीधरही होते. दोष त्यांच्या बुद्धीचा नाही. चिन्हाच्या उजवीकडील आकडे हा जणू एक निराळाच पूर्णांक आहे अशा थाटात वाचण्याची जी सवय आपल्या जिभेला लागली आहे, तिचा हा दोष आहे. ‘पॉइंट साठ’ म्हटले की कानाला साठ ऐकू येतात, आणि साठ हे आठांहून मोठेच.

या सवयीच्या मुळाशी जावयाचे तर आपल्या अंकलेखनाकडेच वळले पाहिजे. एकं, दहं, शतं, सहस्र ही स्थाने आपण सर्वांनी घोकली आहेत. प्रत्येक स्थान त्याच्या उजवीकडील स्थानाच्या दसपट असते, हे आर्यभटाने सुमारे इ. स. ४९९ मध्ये आपल्या ग्रंथात सांगून ठेवले. हेच वाक्य उलट दिशेने वाचावे. शतकाचा दहावा भाग दशक, दशकाचा दहावा भाग एकक. मग एककापाशीच का थांबावे? एककाचा दहावा भाग तो दशांश, त्याचा दहावा भाग तो शतांश, त्याचाही दहावा भाग तो सहस्रांश. हा जिना वर जितका चढतो तितकाच खालीही उतरतो. दशांश चिन्ह हे दोन निराळ्या संख्यांमधील कुंपण नव्हे. ‘एकक येथे संपले’ एवढीच खूण ते करते. ८९.६ यात सहा दशांश आहेत. ८९.६० यात सहा दशांश आणि शून्य शतांश आहेत. म्हणजे भर काहीच पडली नाही.

हे इतके सोपे असता आपल्या पूर्वजांनी जिन्याच्या खालच्या पायऱ्या का बांधल्या नाहीत, असा प्रश्न आम्हांस वर्गातील एका चौकस मुलाने एकदा केला होता. प्रश्न रास्त आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या लीलावतीत आरंभीच नाण्यांचे कोष्टक दिले आहे: वीस वराटक म्हणजे एक काकिणी, चार काकिणी म्हणजे एक पण, सोळा पण म्हणजे एक द्रम्म, सोळा द्रम्म म्हणजे एक निष्क. वीस, चार, सोळा, पुन्हा सोळा! संख्या लिहावयाची दहाच्या पटीने आणि नाणे मोडावयाचे चार-सोळाच्या पटीने, असा हा दुहेरी संसार होता. अपूर्णांक अंश-छेद मांडून उत्तम प्रकारे सोडविले जात. त्यामुळे दहाव्या भागाची गरज व्यवहाराला भासली नसावी. ‘दशांश चिन्ह हेही आमचेच’ असे छाती फुगवून सांगणारे वक्ते आम्ही ऐकले आहेत. ते खरे नाही, आणि तसे सांगण्याची आवश्यकताही नाही. दहा अंकांची स्थानपद्धती ही भारताची देणगी सारे जग मान्य करते. तिच्या उजव्या बाजूचा विस्तार इतरांनी केला. दमास्कस येथील अल्-उक्लिदिसी याने दहाव्या शतकात दशांश अपूर्णांक वापरले. समरकंदच्या अल्-काशी याने १४२७ मध्ये त्यांचा व्यवस्थित उपयोग करून दाखविला. आणि युरोपात सायमन स्टेव्हिन या गृहस्थाने १५८५ मध्ये त्यांवर एक चिमुकले पुस्तक लिहिले. हे पुस्तक त्याने पंडितांपुरते ठेवले नाही. ज्योतिषी, जमीन मोजणारे, कापड मोजणारे, टांकसाळीचे अधिकारी, व्यापारी अशा नित्य हिशेब करणाऱ्या माणसांना उद्देशून ते लिहिले, आणि नाणी व वजनेही दहाच्या पटीत असावीत असा आग्रह धरला. आम्हांस हा गृहस्थ फार आवडतो. आजची सभाही तशाच माणसांची आहे.

त्याचा आग्रह आपल्या देशात फळाला यावयास १ एप्रिल १९५७ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. (‘नवा’ हे विशेषण १९६४ मध्ये गळाले.) वजनमापांचा कायदा १९५६ चा, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर-मणांची जागा किलोग्रॅमने घेतली. इंग्लंडने आपला पौंड शंभर भागांचा केला तो १९७१ मध्ये, म्हणजे आपल्यानंतर चौदा वर्षांनी, ही गोष्ट जाता जाता सांगावीशी वाटते. आमच्या बालपणी नवे नाणे चांगले रुळले होते, तरी घरातील वडील मंडळी चार आणे, आठ आणे, बारा आणे असेच म्हणत. त्यांचे म्हणणे गणिताला सोडून नव्हते. चार आणे म्हणजे पंचवीस पैसे हे तंतोतंत जुळते. एका आण्याचे मात्र सव्वासहा पैसे होतात, आणि सव्वासहा पैशांचे नाणे कोठून आणणार? म्हणून आण्याला सहा पैसे धरीत व तीन आण्यांना पावणेएकोणीसच्या जागी एकोणीस. सुटे चार आणे एकेक करून मोडले तर चोवीस पैसे आणि एकदम मोडले तर पंचवीस. हा एका पैशाचा फरक कोणी लबाडीने केलेला नव्हता. सोळाच्या जिन्यावरून दहाच्या जिन्यावर उडी मारताना तो पडतो.

आता पंचवीस पैसे आणि त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. तेव्हा कोणी म्हणेल की पैसेच उरले नाहीत, मग दशांशाचे काय काम? उलट काम वाढले आहे. दूध संकलन केंद्रावर मिळणाऱ्या पावतीवर फॅट ३.५, एस.एन.एफ. ८.५ असे आकडे असतात आणि त्यांवर लिटरचा भाव ठरतो. सराफाच्या काट्यावर ग्रॅमच्या पुढे तीन अंक उमटतात. बँकेच्या कर्जाचा दर ८.५ वरून ८.७५ होतो, दहा लाखांच्या कर्जावर या पाव टक्क्याने वर्षाला सुमारे अडीच हजार रुपये जास्त जातात. लहान मुलाच्या औषधाच्या बाटलीवर २.५ मिलिलिटर लिहिलेले असते. ते घाईत २५ वाचले तर काय होईल याचा विचार मातांनी करावा. याच कारणास्तव अर्धा लिहिताना ‘.५’ असे न लिहिता ‘०.५’ असे लिहावे, आणि पूर्ण पाच लिहिताना ‘५.०’ असे न लिहिता नुसते ‘५’ लिहावे, असा औषधाच्या लेखनात दंडक आहे. पुढचे शून्य चिन्हाला सांभाळते. मागचे शून्य, चिन्ह पुसट झाले तर, पाचाचे पन्नास करून टाकते.

येथे आम्हांस शिक्षणपद्धतीविषयी थोडे बोलावयाचे आहे. वर्गात दशांश शिकविताना रुपये-पैशांचे उदाहरण घेण्याचा सार्वत्रिक परिपाठ आहे. आरंभाला ते ठीक. परंतु त्यावरच थांबल्यास घात होतो. रुपये आणि पैसे या मुलाच्या मनात दोन निराळ्या राशी असतात. ७.५० म्हणजे सात रुपये आणि पन्नास पैसे, हे त्याला समजते. पण कॅल्क्युलेटर शेवटचे शून्य दाखवीत नाही, तो ७.५ दाखवितो, आणि मूल त्याचे सात रुपये पाच पैसे करते. शिवाय पैशाखाली नाणे नसल्याने तिसऱ्या स्थानाला अर्थच उरत नाही. आमचा अनुभव असा की, शिंप्याची किंवा सुताराची मीटरची टेप हातात दिली की ही अडचण निम्म्याने नाहीशी होते. मीटरचे दहा भाग, त्या प्रत्येकाचे दहा भाग म्हणजे सेंटिमीटर, त्याचेही दहा भाग म्हणजे मिलिमीटर. दीड मीटर लांबीवर बोट ठेवावयास सांगावे, मग १.१५ वर ठेवावयास सांगावे. कोणते पुढे आहे ते डोळ्यांना दिसते. पंधरा मोठे की पाच मोठे, हा वादच उरत नाही. आणि वाचताना ‘एक पॉइंट पंधरा’ म्हणू देऊ नये. ‘एक दशांश चिन्ह एक पाच’ असे अंक सुटे सुटे वाचावयास लावावे. ही सवय घरी मोठ्यांनी लावून घेतल्याखेरीज मुलांना लागणार नाही.

आता एका अशा गोष्टीकडे वळू की जिच्यामुळे केवळ गुणच नव्हे, तर घरची जमीनही जाऊ शकते. मधला प्रत्येक ठिपका हा दशांश चिन्ह नसतो. घड्याळात १०.३० म्हणजे साडेदहा, दहा आणि तीस शतांश नव्हेत. क्रिकेटमध्ये १८.४ षटके म्हणजे अठरा षटके आणि चार चेंडू. षटक सहा चेंडूंचे, तेव्हा खरी संख्या सुमारे १८.६७. दीडशे धावा १८.४ ने भागणाऱ्याला धावगती ८.१५ मिळते, खरी ती ८.०४ आहे. खेळात हे चालून जाईल. परंतु आपल्याकडे जमिनीचे क्षेत्र एकर-गुंठ्यांत बोलतात आणि लिहितानाही तोच ठिपका देतात. एकराचे गुंठे चाळीस. तेव्हा २.१० असे लिहिले तर ते दोन एकर दहा गुंठे, म्हणजे सव्वादोन एकर. दशांशात त्याचे २.२५ होतात.

आमच्या परिचयातील एका शेतकरी कुटुंबाच्या जमिनीचा सौदा ठरत होता. क्षेत्र दोन एकर दहा गुंठे, भाव एकरी वीस लाख. मध्यस्थाने कॅल्क्युलेटरवर २.१० गुणिले वीस लाख असे करून बेचाळीस लाखांचा आकडा कागदावर मांडला. यंत्राने दिलेला आकडा, त्याविषयी शंका कोण घेणार? घरातली आजी मात्र भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, ‘‘सव्वादोन एकर ना रे? दोन एकराचे चाळीस, पाव एकराचे पाच. मग पंचेचाळीस कसे होत नाहीत?’’ मध्यस्थाने पुन्हा यंत्र दाबले, पुन्हा बेचाळीसच. शेवटी घरातील नातवाने दहा गुंठ्यांना चाळीसांनी भागून पाहिले तेव्हा कोठे उलगडा झाला. यंत्राने २.१ एकर म्हणजे दोन एकर चार गुंठे धरले होते. सहा गुंठे जमीन, म्हणजे ६,५३४ चौरस फूट, कागदावरच नाहीशी होत होती, आणि तिच्याबरोबर तीन लाख रुपये. मध्यस्थाच्या मनात कपट होते असे आम्ही म्हणणार नाही. त्याला ठिपका आणि दशांश चिन्ह यांतील भेद माहीत नव्हता, इतकेच.

उलट दिशेनेही हीच चूक घडते. समजा, सातबारावर १.६२.०० असे क्षेत्र आहे. येथे पहिला आकडा हेक्टरचा, दुसरा आरचा, तिसरा चौरस मीटरचा. शंभर चौरस मीटरांचा एक आर, शंभर आरांचा एक हेक्टर. दोन्ही पायऱ्या शंभराच्या असल्यामुळे येथे दशांश पद्धतीशी विरोध येत नाही. फक्त दोन दोन अंक नेमाने लिहिले पाहिजेत. पाच आर हे १.०५ असे लिहावे लागतात, १.५ लिहिल्यास ते पन्नास आर होतात. आता हे १.६२ हेक्टर तिघा भावांत वाटावयाचे. प्रत्येकास ०.५४ हेक्टर, म्हणजे चौपन्न आर. येथपर्यंत सरळ आहे. मग कोणी तरी ‘‘एकरात सांगा’’ म्हणतो. एक एकर म्हणजे ०.४०४७ हेक्टर, भागाकार केला की सुमारे १.३३ एकर येतात. आणि गावात हे १.३३ लगेच ‘एक एकर तेहतीस गुंठे’ म्हणून पसरतात! वस्तुतः एकराचे तेहतीस शतांश म्हणजे सुमारे तेरा गुंठे. तिघांचे एक एकर तेहतीस गुंठे मिळविले तर पाच एकर एकोणीस गुंठे होतात. मूळ जमीन तर चारच एकर. एवढी बेरीज करून पाहिली तरी चूक उघडी पडते. पण भांडण सुरू झाल्यावर बेरीज कोण करतो?

सोन्याच्या बाबतीतही असेच आहे. जुना तोळा बारा माशांचा, मासा आठ गुंजांचा. ग्रॅममध्ये जुना तोळा ११.६६४ होतो. आज बाजारात ‘तोळा’ म्हणून जे बोलतात ते दहा ग्रॅम. जुन्या याद्यांत ‘पाच तोळे’ लिहिलेले असेल तर ते ५८.३२ ग्रॅम आहेत, पन्नास नव्हेत. जुन्या यादीवरून स्त्रीधनाची वाटणी करणाऱ्यांनी हा सव्वाआठ ग्रॅमांहून अधिकचा फरक ध्यानात ठेवावा. तोळा हा शब्द एकच, पण माप बदलले.

त्या आजीकडे पुन्हा एकवार वळू. तिने कोणती शाळा पाहिली होती? परंतु पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे तिच्या कानांवरून गेले होते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, औट म्हणजे साडेतीन. हेच आज आपण ०.२५, ०.५, ०.७५, १.२५, १.५, २.५, ३.५ असे लिहितो. आमची ठाम समजूत अशी आहे की, हे पाढे शाळांतून गेले ही मोठी हानी झाली. ते परत आणावेत म्हणून आम्ही आंदोलन करणार नाही. तितके वय आता उरले नाही. पण घरी ज्यांना येतात त्यांनी नातवंडांना म्हणून दाखवावेत. शेराचा अर्धा अच्छेर, त्याचा निम्मा पावशेर, त्याचा निम्मा अदपाव, त्याचा निम्मा छटाक. दशांशात हीच उतरंड ०.५, ०.२५, ०.१२५, ०.०६२५ अशी लागते. प्रत्येक वेळी निम्मे केले की एक स्थान वाढते आणि शेवटी पाच येतात. हे मुलांना दाखविले म्हणजे ती आपण होऊन पुढची पायरी सांगतात.

या पाढ्यांचा खरा उपयोग गुणाकार-भागाकारात होतो. बेरजेत चिन्हाखाली चिन्ह मांडावे, एवढे पथ्य पाळले की पुरे. १२.५ आणि ३.७५ यांची मांडणी उजव्या कडेला जुळवून करणारा मुलगा उत्तर ५.०० काढतो, बारा आणि तीन मिळूनच पंधरा होतात हे त्याला कोणी विचारावयास लावलेले नसते. वजाबाकीचेही तेच. गुणाकारात मात्र मुले दोन ठिकाणी अडखळतात. पहिले असे की, दहाने गुणणे म्हणजे पुढे शून्य लावणे, हा पूर्णांकाचा नियम ती येथेही चालवितात आणि २.५ गुणिले दहा बरोबर २.५० असे लिहून मोकळी होतात. शून्य लावण्याने काही होत नाही. दहाने गुणले की प्रत्येक अंक एक स्थान डावीकडे सरकतो, दशांशाचा एकक होतो, म्हणून उत्तर पंचवीस. दुसरे असे की, गुणाकाराने संख्या वाढलीच पाहिजे, ही समजूत. एकशेवीस रुपये किलोची वस्तू ०.८ किलो घेतली तर छप्पन्न कमी दीडशे, म्हणजे ९४ की ९६, अशी तोंडी घालमेल न करता एवढेच पाहावे की किलोपेक्षा कमी घेतली, तेव्हा किंमत एकशेवीसच्या आतच पाहिजे. बाराला आठांनी गुणून शहाण्णव आले. ९६० शक्य नाही, ९.६ शक्य नाही, म्हणून ९६.

‘चिन्ह विसरून गुणा, मग दोन्हीकडची घरे मोजून चिन्ह द्या’ हा नियम खरा आहे. पण का, हे सांगितल्यावाचून तो शिकविणे म्हणजे मंत्र देणे होय. दशांशाचा दशांश हा शतांश असतो, एवढेच त्याचे रहस्य. ०.५ गुणिले ०.५ म्हणजे अर्ध्याचे अर्धे, ते पाव, म्हणून ०.२५. निमकी येणाऱ्यास येथे घरे मोजावी लागतच नाहीत. सहा लिटर तेल पाऊण लिटरच्या बाटल्यांत भरावयाचे, तर सहा भागिले ०.७५. पुस्तकात शंभराने गुणून सहाशे भागिले पंचाहत्तर करावयास सांगतात. पाऊणकीत आठाचे सहा होतात. उत्तर आठ बाटल्या. भागाकाराचे उत्तर मूळ संख्येहून मोठे कसे आले, असा प्रश्न ज्याच्या डोळ्यांपुढे बाटल्या आहेत त्याला पडत नाही. दुधाचेच उदाहरण घ्या: ३४.४० रुपये भावाने १२.५ लिटर दूध. साडेबारा म्हणजे शंभराचा आठवा भाग. शंभर लिटरचे ३,४४० रुपये. त्याचा निम्मा १,७२०, त्याचा निम्मा ८६०, त्याचा निम्मा ४३०. पावती हाती पडण्यापूर्वी उत्तर तयार.

येथवर आम्ही दशांश पद्धतीची बाजू घेतली. आता तिचे एक उणेही सांगितले पाहिजे. दशांशात ज्या अपूर्णांकाच्या छेदात दोन आणि पाच यांखेरीज अन्य मूळ अवयव उरतो, तो कधीच पुरा होत नाही. एक तृतीयांश म्हणजे ०.३३३… असे तीन चालतच राहतात. जुन्या रुपयाच्या पै होत्या एकशेब्याण्णव, आणि एकशेब्याण्णवला तीनने भाग जातो. म्हणून जुन्या कागदांत तिसरा हिस्सा ‘पाच आणे चार पै’ असा बिनचूक लिहिता येई. या एका बाबतीत सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांच्या रुपयाहून सरस होता, हे मान्य करावयास आम्हांस संकोच वाटत नाही. आज तिघांत एक हेक्टर वाटला तर प्रत्येकी ३३.३३ आर, एकूण ९९.९९, एक चौरस मीटर कोणाचाच राहत नाही. व्यवहारात तो कोणा एकाच्या नावे घालावा व तसे कागदावर स्पष्ट लिहावे. अथवा हिश्श्याच्या रकान्यात ‘१/३’ असाच अपूर्णांक ठेवावा, तेच अधिक शुद्ध. ०.३३ लिहून वर ‘तंतोतंत’ असा शब्द जोडू नये.

आमचा वेळ संपत आल्याची चिठ्ठी अध्यक्षांकडून आली आहे. मंडळाच्या विनंतीवरून आम्ही एक तक्ता तयार केला आहे. त्यात एक ते चाळीस गुंठ्यांचे एकराच्या दशांशात व आरांत रूपांतर दिले आहे, आणि त्याच्या मागील बाजूस वर सांगितलेले पाढे आहेत. प्रती कार्यालयात ठेवल्या आहेत, मूल्य नाही. ज्यांनी सातबारा उतारे किंवा वाटणीचे कागद बरोबर आणले असतील त्यांनी चहापानानंतर उजवीकडच्या खोलीत यावे. आम्ही तेथे बसलेलो आहोत.